दाखवायचे दात

वासंतीबाई मुजुमदारांचा कशावरच चटकन विश्वास बसत नसे. दूधवाला म्हणाला, 'काकी, आज म्हैस बिमार आहे, अर्धाच लिटर घ्या,' की त्या विचारत, 'आज कुणाकडे लग्न आहे रे?' आणि लग्न असायचंच. धारच्या कॉलेजात सबंध हयात राज्यशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. यजमान उमाशंकर म्हणत, 'हिच्यापुढे देव प्रकट झाला तर ही वर मागायच्या आधी विचारेल, यात तुमचा काय फायदा?'

या संशयाचं त्यांनी एक देखणं व्याख्यान करून ठेवलं होतं. 'दहशतवादाविरुद्धचं युद्ध: दाखवायचे दात आणि खायचे दात.' अमेरिका वाळवंटात जी भयंकर शस्त्रं शोधायला गेली ती सापडली नाहीत, आणि जे शोधायला आलोच नाही असं ती शपथेवर सांगत होती ते तेल मात्र पायाखालीच निघालं. दुसऱ्या एका डोंगराळ मुलखात वीस वर्षं लढून तिने अखेर ज्यांच्याशी लढाई होती त्यांच्याच हाती किल्ल्या दिल्या. पण दरम्यान बंदुका करणाऱ्यांची, रस्ते बांधणाऱ्यांची, फौजेला डबाबंद अन्न पुरवणाऱ्यांची सात पिढ्यांची सोय झाली. 'तुमच्या भल्यासाठी मी बंदूक उचलली, असं कुणी म्हणालं,' वासंतीबाई सांगत, 'तर त्याच्या बंदुकीकडे बघू नका. दुसरा हात कुठे आहे तो बघा.' या वाक्याला टाळी ठरलेली.

माळव्यातल्या मराठी मंडळींना हे व्याख्यान फार आवडे. उज्जैनला झालं, महूला झालं, खंडव्याला तर लोकाग्रहास्तव पुन्हा झालं. अमेरिकेला शिव्या घालायला व्हिसा लागत नाही. श्रोते घरून जेवून येत, महासत्तेचं पितळ उघडं पडताना बघत, आणि आपण काही बावळट नाही अशा समाधानात झोपायला जात. वासंतीबाईंनाही ते समाधान कळत होतं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही होतं.

त्या वर्षी एप्रिलात देवासच्या ज्ञानवर्धिनी मंडळाने त्यांना वासंतिक व्याख्यानमालेचं आमंत्रण दिलं. मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब चिटणीस, म्हणजे वासंतीबाईंच्या थोरल्या बहिणीचे, सुमंगलाताईंचे यजमान. चिटणीस घराणं थोरल्या पातीच्या दरबारातलं. देवासला एकाच गावात दोन गाद्या होत्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. संस्थानं विलीन होऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी धाकट्या पातीकडचं कुणी घरी आलं तर बापूसाहेब चहा विचारायच्या आधी किंचित थांबत. ते फोनवर म्हणाले, 'वासंती, तुमचं ते अमेरिकेवालं व्याख्यान आणा. लोक फार दिवस मागणी करतायत. आणि यंदा प्रायोजकही चांगले मिळालेत.'

त्या सकाळच्या गाडीने निघाल्या. इंदूरला गाडी बदलून देवासच्या बसस्टँडात शिरेपर्यंत ऊन चांगलंच तापलं होतं. बस फाटकातून आत आली आणि थांबली, पण दार उघडेना. एक हवालदार पुढून चढला आणि म्हणाला, 'कोई उतरेगा नहीं. अभ्यास है. सब बैठे रहो.'

'कसला अभ्यास?' वासंतीबाईंनी मराठीतच विचारलं.

हवालदाराच्या आधी कंडक्टरच बोलला. 'मॉक ड्रिल आहे, ताई. आतंकवादी बस पकडतात, मग पोलीस सोडवतात. आपलीच बस निवडलीय.' ते त्याने अशा सुरात सांगितलं की जणू बसला बक्षीस लागलंय.

म्हणजे अतिरेक्यांच्या हल्ल्याची ही रंगीत तालीम होती आणि तिकीट काढून आलेल्या उतारूंना तीत ओलिसांची कामं मिळाली होती. पुढच्या बाकावर एक बाई तान्ह्या मुलाला पदराने वारा घालत होती. मागे कुणीतरी मोबाइलवर घरी कळवत होता की उशीर होईल, आतंकवादी यायचेत.

तेवढ्यात ते आले. म्हणजे एकच आला. तोंडाला चौकड्यांचा काळापांढरा रुमाल, अंगात मळकी खाकी पँट आणि हातात लाकडी बंदूक. 'खबरदार. कोई हिलेगा नहीं,' असं खर्जात म्हणून त्याने बंदूक सगळ्यांवरून फिरवली. ती तिसऱ्या बाकापाशी येऊन थबकली.

'मावशी, तू?' रुमालाआडून तो मराठीत म्हणाला.

तो विहंग होता, सुमंगलाताईंचा धाकटा. एरवी विमा विकायचा. गणपतीतल्या नाटकांत मात्र त्याच्याशिवाय पान हलत नसे, आणि ती बंदूकही नाटकाच्याच पेटाऱ्यातली होती.

'तू अतिरेकी कधीपासून झालास?' वासंतीबाईंनी विचारलं.

'आजच. सिक्युरिटी कंपनीवाल्या कुशल भियाने सांगितलं, ॲक्टिंग येणारा एक जण पायजे. पण मावशी, जरा घाबरल्यासारखं कर ना. बाहेरून व्हिडिओ काढतायत.'

वासंतीबाईंनी दोन्ही हात अर्धवट वर केले. हात तसेच ठेवून त्यांनी विचारलं, 'नाव काय तुझं?'

'विहंग.'

'अतिरेक्याचं विचारते आहे.'

'नाव तर नाही दिलं. फक्त रुमाल दिला.' तो ओशाळून हसला असावा, रुमाल हलला. 'पहिले एक नारा पण लिहून दिला होता. मग पोलीस साहेबांनी काटला. बोले, गावात उगीच बखेडा नको, रुमालातच समजून घेतात लोक.'

'आणि तुझ्या मागण्या काय?'

'कसल्या मागण्या?'

'अरे, बस धरलीस ती कशासाठी? अतिरेक्याला काहीतरी हवं असतं. कुणाला सोडवायचं असतं, कशाचा बदला घ्यायचा असतो.'

विहंगने जरा विचार केला. नटाला न सुचलेला प्रश्न प्रॉम्प्टरने विचारावा तसा त्याचा चेहरा झाला असणार. 'हे तर कुणी सांगितलंच नाही. मला एवढंच बोललेत की बंदूक धरून उभा राहा आणि शिटी वाजली की मर.'

शिटी काही वाजेना. कारण ज्यांच्या हस्ते तालमीचं उद्घाटन व्हायचं होतं ते नेते दुसऱ्या एका उद्घाटनात अडकले होते. बस तापत चालली. तान्हं मूल रडू लागलं. शेवटी अतिरेक्यालाच राहवलं नाही. बंदूक वासंतीबाईंच्या मांडीवर ठेवून तो खाली उतरला, पाण्याच्या थैल्या घेऊन आला आणि ओलिसांना वाटू लागला. दारातल्या हवालदाराने स्वतःसाठी दोन मागून घेतल्या.

वासंतीबाई खिडकीतून बाहेर बघत बसल्या. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि ते काय हे त्यांच्या एकदम लक्षात आलं. फाटकापासून भिंतीपर्यंत ठेले आणि टोपल्यांची जी रांग असायची ती नव्हती. बांगड्यावाले नव्हते, फुटाणेवाले नव्हते, चपला शिवणारे नव्हते. दर खेपेला त्या जिच्याकडून काकड्या घेत ती मालनही नव्हती. त्या जागी उंच निळे पत्रे ठोकले होते. पत्र्यांवर कापडी फलक: 'आतंकमुक्त नगर, सुरक्षित नगर.' खाली कोपऱ्यात एक डोळा काढला होता आणि लिहिलं होतं, 'त्रिनेत्र सिक्युरिटी.' पत्र्यांच्या पलीकडे जेसीबी घरघरत होता.

'विहंग, हे ठेले कुठे गेले?'

'हटवले ना मावशी, महिना झाला. सिक्युरिटीसाठी. ठेल्याखाली कुणी काही ठेवून दिलं तर?'

'आणि आत खोदतायत ते? बॉम्ब शोधतायत का?'

'नाही गं. तिथे मार्केट होणार आहे, दुमजली, एसी. कुशल भियाचे काका बांधतायत.' मग आवाज खाली आणून तो कौतुकाने म्हणाला, 'पपांनी पण एक दुकान घेऊन ठेवलंय, माझ्या ऑफिससाठी. रस्त्यावरचं, कोपऱ्याचं.'

वासंतीबाईंनी बंदुकीकडे पाहिलं. ती अजून त्यांच्याच मांडीवर होती.

अखेर गाड्यांचा ताफा आला, शिटी वाजली. मागच्या दाराने काळ्या कपड्यांतले चौघे घुसले, विहंग बाकांच्या मध्ये कोसळला आणि चांगला मेला. पण टीव्हीवाल्याचा कॅमेरा त्या वेळी नेत्यांच्या हारावर होता. मग सगळं पुन्हा करावं लागलं. चौघे परत बाहेर गेले, ओलीस परत भ्याले, विहंग परत मेला. या खेपेला त्याने खिडकीची दांडी धरून सावकाश घसरत नेत मरण चांगलं लांबवलं. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या. ध्वनिक्षेपकावर त्रिनेत्रचा मालक कुशल सांगत होता की ज्यांना आपल्या घरादारावर, दुकानावर असाच तिसरा डोळा बसवून हवा असेल त्यांनी त्रिनेत्रच्या टेबलाशी नाव नोंदवावं. आज नोंदवणाऱ्याला घंटी मोफत.

बसमधून उतरताना एका पत्रकाराने वासंतीबाईंपुढे माईक धरला. 'माताजी, पुलिस ने आपको बचाया, कैसा लगा?'

'मला कुणी धरलं होतं?' वासंतीबाई म्हणाल्या. 'उकाड्याने जीव चालला होता. पाणी दिलं ते अतिरेक्याने.'

पत्रकाराने मान डोलावली आणि भराभर लिहून घेतलं.

मालन त्यांना चौक ओलांडल्यावर सापडली. नाल्याच्या कठड्याला टेकून एका टोपलीमागे बसली होती, अर्ध्या काकड्या सुकलेल्या. तिचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर घोड्यांच्या खिदमतीला आलेले. घरात मराठी टिकली होती, ती माळवीच्या फोडणीची.

'बाई, मी आतंकवादी निघाले,' वासंतीबाईंना पाहताच ती म्हणाली.

'म्हणजे?'

'ते आतंकवादी पकडायला आले, आन् पयले माझी टोपली पकडली. तीस साल बसले तिथं. माझ्या सासूच्या टाइमापासूनची जागा. बोले, खतरा है. मी बोलली, साहेब, काकडीत काय खतरा? तर बोले, ऊपर से ऑर्डर है.' तिने एक काकडी निवडून, पाण्याचा हात लावून वासंतीबाईंना दिली. 'तुमी त्या हॉलात बोलायला येता ना? तुमच्या ताईसाहेब सांगत होत्या.'

'हो. आज संध्याकाळी.'

'कशावर बोलता?'

'दहशतवादाविरुद्धच्या लढाईवर,' वासंतीबाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या विषयाचं नाव उच्चारताना लाज वाटली.

'मग दोन शब्द आमचे पण बोला,' मालन म्हणाली. तिने ते फारशा आशेने म्हटलं नव्हतं. गिऱ्हाइकाला कोथिंबीर वर टाकावी तसं टाकलं होतं.

संध्याकाळी मंडळाचं सभागृह भरलं होतं. व्यासपीठामागे सरस्वतीचं चित्र, आणि सरस्वतीपेक्षा मोठा तो एक डोळा: त्रिनेत्र सिक्युरिटी, सौजन्य. पहिल्या रांगेत कुशल बसला होता, पांढऱ्या सदऱ्यात, नम्रपणे. त्याने वाकून वासंतीबाईंना नमस्कार केला. 'मॅडम, सकाळी आपल्याला तकलीफ झाली, माफी. आम्हाला माहीत नव्हतं की आपण बसमध्ये आहात, नाहीतर दुसरी बस घेतली असती.'

सरस्वतीवंदना झाली, परिचय झाला, आणि वासंतीबाईंनी ठरलेलं व्याख्यान सुरू केलं. पहिला अर्धा भाग नेहमीसारखाच गेला. श्रोत्यांना तो इतका पाठ होता की 'मग तिथे असं काय होतं?' असं त्यांनी विचारताच दुसऱ्या रांगेतले एक आजोबा 'तेल, तेल' म्हणून मोकळे झाले. भीती आधी येते आणि कंत्राट मागून येतं, हे ऐकून लोक हसले. शत्रूचा चेहरा नीट दाखवत नाहीत, नुसता पोशाख दाखवतात, यावर कुणीतरी 'वा' म्हणालं. 'बंदुकीकडे बघू नका, दुसरा हात कुठे आहे तो बघा,' याला टाळ्या पडल्या. बापूसाहेबही टाळी वाजवत होते.

एरवी इथून व्याख्यान समारोपाकडे वळत असे. वासंतीबाईंनी पाण्याचा घोट घेतला.

'आज सकाळी मला अतिरेक्यांनी धरलं होतं,' त्या म्हणाल्या.

लोक हसले. बातमी गावभर झाली होती.

'धरणारा भला मुलगा होता. मी त्याला विचारलं, तुला काय हवंय? त्याला ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. मग मी म्हटलं, अतिरेक्याला काय हवंय हे कुणालाच माहीत नाही, तर बाकीच्यांना काय हवंय ते तरी बघावं. मी खिडकीतून पाहिलं. जिथे पन्नास माणसं पोट भरत होती तिथे पत्रे लागलेत. ती माणसं सुरक्षेसाठी हटवली, असं म्हणतात. ठेल्याखाली बॉम्ब ठेवता येतो म्हणून. एसी दुकानाखाली तो ठेवता येत नसावा. पत्र्यावर एक डोळा आहे. तो माझ्या मागेही आहे, तुम्ही बघताच आहात. मगाशी तुम्ही वाळवंटातलं तेल ओळखलंत. इथे काय निघालंय, ते ओळखा.'

'दुकानं...' असं कुणीतरी मागे पुटपुटलं आणि गप्प झालं.

सभागृहात अशी शांतता पसरली की पंख्याची एक पाती वाकडी आहे हे सगळ्यांना कळलं. 'तेल, तेल' म्हणणारे आजोबा जोड्यांकडे बघू लागले. वासंतीबाईंनी समोरच्या ओळखीच्या चेहऱ्यांवर नजर फिरवली आणि त्यांच्या ध्यानात आलं की इथे बऱ्याच जणांनी तिथे दुकानं घेऊन ठेवली आहेत. कुणी मुलासाठी, कुणी जावयासाठी, कुणी नुसतंच असावं म्हणून. थोरली पाती, धाकटी पाती, दोन्हीकडचे होते. इतकी एकी देवासने दोनशे वर्षांत पाहिली नव्हती.

त्या बसल्या. टाळ्या वाजल्या नाहीत असं नाही. एका माणसाने वाजवल्या, त्या कुशलने. तो उठून उभा राहिला आणि माईक मागून घेऊन म्हणाला, 'मॅडमनी आज आमचे डोळे उघडले. सुरक्षेत उणिवा आहेत, हे त्यांनी स्वतः बसमध्ये बसून पाहिलं. मी जाहीर करतो की या सभागृहाला त्रिनेत्रतर्फे चार कॅमेरे मोफत.' आता मात्र टाळ्या कडाडल्या. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

अध्यक्षीय समारोपात बापूसाहेब म्हणाले, 'वासंतीबाईंचा अभ्यास दांडगा. आंतरराष्ट्रीय विषय त्यांनी सुरेख मांडला. शेवटी तो थोडा स्थानिक पातळीवर उतरल्यामुळे विषयाची उंची किंचित कमी झाली, पण ते असो.' मग शाल आणि श्रीफळ कुशलच्या हस्ते देण्यात आलं. वासंतीबाईंनी ते घेतलं. नाकारावं असं मनात आलं होतं, पण तोवर शाल खांद्यावर पडली होती, फोटोवाला 'इधर देखिए' म्हणत होता, आणि सवय वाईट असते.

घरी सुमंगलाताईंनी पानं वाढली. श्रीखंड होतं. विहंग दोनदा मेल्यामुळे भुकेला होता. तो तेवढा जेवत होता.

'वासंती,' बापूसाहेब शेवटी म्हणाले, 'अमेरिकेची गोष्ट वेगळी. ते लोभी लोक. आपल्याकडे हा विकास आहे.'

'दुकान कुणाचं आहे, बापूसाहेब?'

'विहंगचं. तुमच्याच भाच्याचं. त्याने काय जन्मभर लोकांच्या ओट्यावर बसून विमा विकायचा?'

'आणि मालनने नाल्यावर बसायचं?'

'तिला कुणी काही केलंय का? जागा बदलली फक्त.'

'वाळवंटातल्या लोकांचीही जागाच बदलली होती,' वासंतीबाई म्हणाल्या.

सुमंगलाताईंनी श्रीखंडाचं पातेलं ठक्कन खाली ठेवलं. 'तू माझ्या घरात पाहुणी आहेस आणि तू यांना भर सभेत चोर म्हणालीस,' त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून ते जास्त लागलं. 'नाव नाही घेतलंस, पण म्हणालीस. लोक मला उद्या भाजी घेताना बघतील.'

बहिणीचं खरं होतं. मालनचंही खरं होतं. महासत्तेच्या बाबतीत अशी अडचण कधी आली नव्हती. तिची बायको कधी त्यांना श्रीखंड वाढायला आली नव्हती.

सकाळी विहंग पेपर घेऊन आला. पहिल्या पानावर वासंतीबाईंचा फोटो, हात अर्धवट वर. खाली हिंदीत मथळा: 'दहशत के वो पल: धार की रिटायर्ड प्रोफेसर बोलीं, पुलिस न होती तो जान न बचती.' आतल्या पानावर व्याख्यानाची चार ओळींची बातमी होती: विदुषीने आतंकवादाविरुद्ध एकजुटीचं आवाहन केलं आणि शहरातल्या सुरक्षाव्यवस्थेची दखल घेतली.

'मावशी, फोटो छान आलाय,' विहंग म्हणाला. 'माझा तर रुमालच दिसतोय.'

'तुला काही वाटत नाही का रे?'

त्याने पेपराची घडी घातली. 'वाटतं ना. पण मावशी, ऑफिस पण पायजे.' निघताना त्याने त्यांची पिशवी उचलली आणि बसस्टँडपर्यंत सोडायला आला. वाटेत नाल्यापाशी मात्र तो पाच पावलं मागे राहिला आणि फोनवर बोलत असल्यासारखं करू लागला.

'बोललात का?' मालनने विचारलं.

'बोलले.'

'मग?'

'मग त्यांनी मला शाल दिली आणि सभागृहाला कॅमेरे दिले.'

मालन हसली. दात विचकून, मनापासून हसली. 'आन् माझी जागा?'

'ती नाही दिली.'

'ती कशी देतील,' ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. वासंतीबाई स्टँडकडे वळल्या. मालनला त्यांचा राग आला असता तर बरं वाटलं असतं.

धारला परतल्यावर त्यांचं स्वागत झालं. शेजारपाजारचे भेटून गेले; अतिरेक्यांच्या तावडीतून सुटलेली बाई गल्लीत दुसरी नव्हती. 'सगळं खोटं होतं,' त्या सांगत, आणि लोक समजूतदारपणे म्हणत, 'धक्का बसतो, काकी. होतं असं.' उमाशंकरांनी पेपरातला फोटो बारकाईने पाहिला. 'तू घाबरलेली अजिबात दिसत नाहीस,' ते म्हणाले. 'अतिरेक्याचे पेपर तपासायला बसल्यासारखी दिसतेस.'

सुमंगलाताईंचा फोन महिनाभर आला नाही. आला तेव्हा त्या लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोलल्या, आणि दोघी बहिणी कैऱ्यांबद्दलच बोलत राहिल्या. मंडळाच्या पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत 'हसत खेळत मधुमेह' हा विषय ठरल्याचं त्यातच कळलं.

पावसाळा संपता संपता बदनावरहून आमंत्रण आलं, तिथल्या धान्यव्यापाऱ्यांच्या संस्थेचं. व्याख्यान हिंदीत करायचं होतं. सचिवांनी फोनवर अदबीने सुचवलं, 'मॅडम, बस एक विनती. अमेरिका तक ही रखिएगा.'

'अमेरिकेपुरतंच ठेवते,' वासंतीबाई म्हणाल्या.

उमाशंकरांनी चष्म्यावरून पाहिलं.

बदनावरला त्यांनी शब्द पाळला. व्याख्यानात देवास नव्हतं, माळवा नव्हता. लांबच्या एका देशाची हकिकत होती. त्या देशात एक गाव होतं, टेकडीच्या पायथ्याचं, पूर्वी दोन राजे असलेलं. तिथे अमेरिकेने अतिरेक्यांच्या हल्ल्याची रंगीत तालीम करवली. तिथल्या अतिरेक्याला आपल्या मागण्या ठाऊक नव्हत्या. तो ओलिसांना पाणी वाटत होता. तिथल्या गोरगरिबांना सुरक्षेसाठी उठवलं आणि त्यांच्या जागी तिथल्या प्रतिष्ठितांनी दुकानं घेतली. एका भाषण करणाऱ्या बाईने तक्रार केली, तर तिला शाल दिली. व्यापारी पोट धरून हसत होते. 'ऐसे होते हैं अमेरिकावाले,' पुढचे एक शेठ शेजाऱ्याला म्हणाले. असा टाळ्यांचा पाऊस वासंतीबाईंच्या वाट्याला खंडव्यालाही आला नव्हता.

चहाच्या वेळी सूत्रसंचालन करणारी शिक्षिका त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. राजनंदिनी तिचं नाव. मराठी घरातली, पण बोलता बोलता हिंदीत घसरणारी. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिने विचारलं, 'मॅडम, त्या देशात काकडी पण होते का?'

व्याख्यानाच्या ओघात त्यांच्या तोंडून 'काकडीवाली' हा शब्द निघून गेला होता.

'होते,' वासंतीबाई म्हणाल्या. 'चांगली होते.'

राजनंदिनीने कपातला चहा ढवळला. 'आमच्या इथे पुढल्या महिन्यात ड्रिल आहे. मंडीच्या छोट्या गेटवर. आमच्या शाळेच्या मुलांना बघायला घेऊन या, असं सर्क्युलर आलंय.'

'त्या गेटवर आता काय आहे?'

'भाजीवाल्या बसतात. माझी आई पण त्यांच्याकडूनच घेते.'

'त्यांना कुणी सांगितलंय का?'

'कोण सांगणार?'

परतीच्या गाडीला अजून अवकाश होता. वासंतीबाईंनी खांद्यावरची सत्काराची शाल काढून घडी केली, पिशवीत कोंबली आणि कप खाली ठेवला.

'चल,' त्या म्हणाल्या, 'गेट दाखव मला.'

दोघी मागच्या दाराने निघाल्या. सभागृहात शेठ मंडळी अजून अमेरिकेला हसत होती.